नोटीस वाड्याला, सही कुणाची?

मे महिना सरत आला की आमच्या जुन्या शहरात दोन गोष्टी हमखास दिसतात. गच्च्यांवर वाळत घातलेल्या कुरडया आणि मोडकळीला आलेल्या घरांच्या दारावर चिकटवलेल्या नोटिसा. पावसाळा तोंडावर आला, की धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात. गुलमंडी, रंगारगल्ली, राजाबाजार, कुंभारवाडा... या गल्ल्यांतून जाताना असा कागद दिसला की ओळखावं, आता ओट्यावर आठवडाभर एकच विषय चालणार. पाडायचा की ठेवायचा?

ओट्यावर पुरुषमंडळी दोन पक्षांत वाटली जातात. एक म्हणतो, "काय ठेवलंय त्या पडक्यात? पाडा आणि चार मजले उठवा." दुसरा म्हणतो, "अरे, हा इतिहास आहे, ठेवा आहे." गंमत अशी, की यातला दुसरा बहुतेक वेळा सिडकोत फ्लॅटमध्ये राहत असतो. वाड्यात राहणारी बाई मात्र आत चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, पातेलं कुठे ठेवलं म्हणजे गळतं पाणी नेमकं त्यात पडेल याचा हिशेब करत असते. तिला कुणी विचारत नाही. तिला विचारतात ते शेवटी, सही करायच्या वेळेला.

मैत्रिणींनो, तुम्ही पैठणच्या असा, अंबाजोगाईच्या असा नाहीतर जालन्याच्या, तुमच्याही गल्लीत असा एखादा वाडा असणारच. म्हणून आज जरा आमच्या शहराविषयी आणि जरा त्या सहीविषयी बोलू या.

आमचं शहर १६१० साली मलिक अंबरनं वसवलं, तेव्हा ते खडकी होतं. मग फत्तेनगर झालं, औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झालं आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली तरी बावन्न दरवाजांचं शहर ही ओळख कायम राहिली. ते बावन्न दरवाजे काही आता सगळे नाहीत, डझनभराच्या आसपास उरलेत. दिल्ली दरवाजा, पैठण गेट, मकई दरवाजा, रंगीन दरवाजा, कटकट गेट. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची आणि शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याची डागडुजी झाली, तेव्हा माझ्यासारख्या कित्येकींनी पहिल्यांदाच मान वर करून तो मनोरा नीट पाहिला असेल. एरवी शहागंजात आपली नजर भाजीवर आणि पर्सवर!

पण मला दरवाजांपेक्षा दुसऱ्याच एका वास्तूचं जास्त कौतुक वाटतं. नवखंडा पॅलेस. मलिक अंबरनं १६१६ साली बांधलेला महाल. नऊ खंडांचा म्हणून नवखंडा. जनानखाना, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद, कचेरी, प्रत्येकाला बाग आणि हौद असा त्याचा थाट जुन्या गॅझेटिअरमध्ये वर्णन केलेला आहे. त्यातलं बरंच काही काळाच्या पोटात गेलं. पण त्या आवारात आज काय आहे माहीत आहे? मुलींचं कॉलेज! जिथे एके काळी जनानखान्याचा पडदा होता, तिथे पोरी स्कूटीवरून येतात आणि परीक्षेच्या फॉर्मची चर्चा करतात. तसंच किल्ले अर्कचं. औरंगजेबानं बांधलेल्या त्या आवारात सरकारी कला महाविद्यालय आलं, पोरं तिथे चित्रं काढायला बसू लागली.

माझं साधं निरीक्षण आहे, ज्या इमारतीत माणसं ये-जा करतात, झाडलोट होते, दिवा लागतो, ती टिकते. बंद दाराआड ठेवलेली जाते. मग तिला कितीही मोठं नाव असो.

आता आमच्या वाड्याकडे येते. "आमचा" म्हणजे माझा नव्हे. गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत आहे, आणि आमच्या बचत गटाची बैठक गेली कित्येक वर्षं त्याच्या पुढच्या ओसरीत भरते, म्हणून आमचा. दोन चौकांचा, सागवानी खांबांचा वाडा. मागच्या चौकात हौद आहे. मलिक अंबरच्या नहरींचं पाणी पूर्वी खापराच्या नळांमधून शहरभर खेळायचं. ते या हौदातही यायचं, असं घरातली जुनी माणसं सांगत. आता त्याच हौदात प्लॅस्टिकच्या दोन टाक्या ठेवल्यात, कारण नळाला पाणी कधी येईल याचा आमच्या शहरात भरवसा नाही. एवढ्या जुन्या शहाणपणाच्या बोडख्यावर आपण टाक्या मांडून बसलोय, असं दर वेळी मनात येतं. असो.

वाड्याच्या मागच्या अर्ध्या भागाला माळवद आहे. तरुण मुलींसाठी सांगते, माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या घालून वर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छप्पर. उन्हाळ्यात खाली असा गारवा, की पंखा नको. पण त्याला दर वर्षी पावसाआधी पांढरी माती लागते. घरात करणारी माणसं होती तोवर हे जमलं. मग कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. माती पडेना. गळायला लागलं, म्हणून कुणीतरी वरून सिमेंटचा कोबा करून टाकला. त्यानं दोन वर्षं गळणं थांबलं आणि तिसऱ्या वर्षी तुळईच कुजली. चुन्या-मातीचं बांधकाम ओल घेतं आणि सोडतंही. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि लाकूड, दगड दोन्ही खाते. भिंतीतल्या फटीत पिंपळ उगवला. त्याला कुणी हात लावेना, देवाचं झाड म्हणून! (पिंपळ कोवळा असतानाच पूजा करून उपटून कुंडीत लावता येतो, हे मी तिथल्या आजींना तीनदा सांगितलं.)

आपल्या मराठवाड्यात माळवदाची आणि दगडी भिंतींची भीती आहे, ती उगीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कोण विसरेल? किल्लारीला आणि आसपासच्या गावांत माणसं झोपेतच दगडमातीखाली गेली, हजारोंनी गेली. त्यानंतर दगडी घर म्हटलं की पोटात गोळा येतो. पण तेव्हा तज्ज्ञांनी जे सांगितलं ते फारसं कुणी ऐकलं नाही. तिथल्या भिंती जाड होत्या, पण गोल गोट्यांच्या आणि नुसत्या मातीत रचलेल्या. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधून ठेवणारे लांब दगड त्यात घातलेले नव्हते. शिवाय वर वर्षानुवर्षं मातीवर माती चढवून छप्पर जड झालेलं. म्हणजे दगड हा दोषी नव्हता, बांधणी दोषी होती आणि डोक्यावरचं ओझं दोषी होतं. म्हणूनच जुनं म्हणजे मजबूत असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि जुनं म्हणजे धोकादायक म्हणणाऱ्यांवरही नाही. वर चढून, ठोकून, बघून सांगणारा माणूस हवा.

तर या वाड्याला नोटीस लागली. दुसऱ्याच दिवशी मागच्या चौकातल्या मावशी माझ्या घरी. मावशी भाडेकरू. नवऱ्याच्या मागे एकट्याच राहतात, पापड-लोणची करून विकतात. भाडं इतकं कमी, की आकडा सांगितला तर तुम्ही हसाल. "ताई, वाडा पाडायलेत म्हणे. मला कुठं जायचं सांगा."

मी म्हटलं, आधी नोटीस वाचू या. आणि खरंच सांगते, गल्लीतल्या एकानंही ती नोटीस शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. सगळ्यांनी "धोकादायक" हा एक शब्द वाचला होता. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली अशी नोटीस निघते. त्या कलमात इमारत पाडणं आहे, तसंच ती दुरुस्त करणं आणि तिला आधार देऊन सुरक्षित करणं हेही आहे. म्हणजे नोटीस आली याचा अर्थ जेसीबी आला असा नव्हे. मात्र ती कपाटात कोंबून ठेवली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट मावशींना सांगितली ती भाड्याची. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून भाड्याचा कायदाही आपल्याकडे वेगळा, हैदराबादचा १९५४ चा होता. २००० सालापासून सगळ्या महाराष्ट्राला एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी सांगितली आहे. मालकानं केलं नाही तर त्याला नोटीस देऊन भाडेकरू दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, त्यालाही मर्यादा आहे. आता मावशींच्या भाड्यातून वळतं करायचं म्हटलं, तर एका तुळईचे पैसे फिटायला त्यांचे दोन जन्म लागतील! इथेच सगळं अडतं. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात मी काय दुरुस्ती करू? भाडेकरू म्हणतो, गळक्या घराचं जास्त भाडं का देऊ? दोघंही खरं बोलतात आणि पाणी आपलं भिंतीत मुरत राहतं. कित्येक मालक तर पडण्याचीच वाट बघत बसतात. घर पडलं की भाडेकरू आपोआप सुटला, असं त्यांना वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं, की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चहा घेतला.

तोंडी आश्वासनावर घर सोडायचं नाही, भाडेपावत्या, लाइटचं बिल, रेशनकार्ड एका पिशवीत घालून ठेवायचं, एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं. घराबाहेर पडावं लागलं की काय होतं, हे आमच्या शहरानं २०२२ च्या मे महिन्यात पाहिलंय. लेबर कॉलनीतली तीनशेहून जास्त जुनी सरकारी घरं पाडली गेली. ती घरं जीर्ण झाली होती यात वाद नव्हता, आणि कोर्टाचा निकालही प्रशासनाच्या बाजूनं होता. मला ते चूक की बरोबर यात शिरायचं नाही. पण ज्यांची अर्धी हयात तिथे गेली, त्या बायांना भर उन्हात भांडी-कपाटं हलवावी लागली. घराची मुदत संपलीय हे कागदावर किती तरी आधीपासून होतं. घरातल्या बाईपर्यंत ते शेवटी पोचतं.

आता सहीकडे येते.

वाड्याचे मालक वारले त्याला बरीच वर्षं झाली. दोन मुलगे, तीन मुली. थोरले इथेच, धाकटे पुण्यात. मुली आपापल्या घरी. एक बिल्डर येऊन गेला होता. थोरल्यांच्या बायको, म्हणजे मोठ्या वहिनी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, मी या वाड्याचं काय कौतुक करू? लग्न होऊन आले तेव्हापासून शेणानं सारवलं, मग फरशी पुसली. संडास चौकाच्या त्या टोकाला. सासूबाईंचं मांडीचं हाड याच जिन्यावरून पडून मोडलं. माझेही गुडघे गेलेत. मला दोन खोल्या द्या, पण संडास आत असलेल्या द्या."

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. वाडा जपा म्हणणाऱ्यांनी आधी त्या जिन्यावरून हातात बादली घेऊन चढून दाखवावं. जपायचं म्हणजे बाईच्या गुडघ्यांवर जपायचं नाही. आत संडास बांधता येतो, जिन्याला कठडा लावता येतो, स्वयंपाकघरात उजेड आणता येतो. जुन्या वाड्यात हे बसत नाही असं कुणी सांगितलं? बसवायला पैसे लागतात, आणि पैसे घालायला घर कुणाचं ते ठरलेलं लागतं.

ते ठरलेलं नव्हतं. मालमत्ता पत्रकावर अजून वडिलांचंच नाव होतं. आणि तिन्ही बहिणींकडे हक्कसोडपत्राचे कागद गेले होते. "माहेर कशाला तोडता, एक सही तर करायची," असा निरोप. दोघींनी न वाचता करून टाकली. तिसरी, बीडला दिलेली, ती थांबली. म्हणाली, "वाचल्याशिवाय नाही करणार." झालं! भाऊबीजेला ओवाळायला गेली तर वहिनीसुद्धा धड बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, हे प्रत्येक जुन्या वाड्यात चाललंय. म्हणून कायद्याचं दोन शब्दांत सांगते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ सालीच दिला गेला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना तो नव्हता. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, लग्न झालेली असो वा नसो, मुलगी जन्मानंच वाटेकरी झाली. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की २००५ साली वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही. आधीच रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर ती मात्र उकरता येत नाही. मिळकत वडिलांच्या स्वकष्टाची असेल तर हिशेब वेगळा, पण मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यातही मुलगी मुलाच्या बरोबरीनं वारस असते. आमच्या जुन्या शहरात मुस्लिम कुटुंबांचेही वाडे आहेत. त्यांच्या कायद्यात मुलीचा वाटा पहिल्यापासून आहे, भावाच्या निम्मा. तो हातात किती जणींच्या पडला, हे आमच्या गटातल्या खालांना विचारा.

हक्कसोडपत्र नोंदवलं की ते परत फिरवणं फार अवघड. आणि हक्क सोडताना बहीण नुसते पैसे सोडत नाही, वाड्याचं काय करायचं यात बोलायचा अधिकारच सोडून देते. माझा अनुभव असा, की वाड्याविषयी माया असते ती याच मुलींना. त्या हौदाच्या काठावर खेळलेल्या असतात. सुनांना त्याचा त्रास आठवतो, मुलींना सावली. दोघींना एका ओसरीत समोरासमोर बसवलं तर काहीतरी मधलं निघतं. पण कागद फिरतात ते पुरुषांच्या हातून, एकेकीकडे वेगवेगळे.

बाकीच्या शहरांत काय करतात, असं मला कुणीतरी विचारलंच. मुंबईत जुन्या चाळींसाठी उपकर घेतात आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. ते किती चालतं हा भाग निराळा, पण दार ठोठवायला एक दार आहे. अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. तिथे जुनं लाकडी घर नीट ठेवणाऱ्या मालकाला जादा बांधकामाचा हक्क मिळतो आणि तो विकून दुरुस्तीला पैसा उभा करता येतो. घर ठेवणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे, नुसतं "वारसा, वारसा" म्हणून तुळई बदलत नाही. आमच्या गल्ल्या अरुंद, गाडी आत शिरत नाही, त्यामुळे बिल्डरलाही इथे फार मोठं काही बांधता येत नाही. चार मजल्यांची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे आधी नगररचना विभागात जाऊन विचारावं. पुष्कळदा पाडल्यावर कळतं, की रस्त्यासाठी जागा सोडून जे उरलं त्यात आधीएवढ्या खोल्यासुद्धा बसत नाहीत.

तर मग काय केलं? परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्याचे पैसे थोरल्यांनी आणि बीडच्या ताईंनी निम्मे निम्मे भरले. वहिनींना तो धक्काच होता. त्यानं दिवसभर ठोकून पाहिलं आणि सांगितलं, पुढचा चौक आणि सागवानी ओसरी भक्कम आहे, फक्त छपरावरचं ओझं उतरवा आणि कोबा काढा. मागच्या चौकाची पश्चिमेची बाजू मात्र गेलेली आहे, ती पावसाच्या आत उतरवलीच पाहिजे. मावशींची खोली नेमकी त्याच बाजूला! मी इथे भावनेला थारा दिला नाही. उतरवायची म्हणजे उतरवायची. भिंत पडताना कुणाची माया बघत नाही.

मावशींना पुढच्या चौकातली एक खोली मिळाली. स्टॅम्प पेपरवर लिहून, भाडं थोडं वाढवून. मावशी आठवडाभर रुसल्या, कारण तिथे लोणच्याच्या बरण्यांना ऊन मिळत नाही. खांब आणि कोरीव तुळया विकत घ्यायला एक माणूस टेम्पो घेऊन दोनदा येऊन गेला. अशी लाकडं मग हॉटेलांच्या शोभेला जातात. त्याला वहिनींनीच परत पाठवलं. "संडासाचं दार याच लाकडाचं करणार आहे मी," म्हणाल्या.

पुढच्या चौकाचं ठरायचंय अजून. धाकट्यांना विकायचंच आहे. दोन बहिणींच्या सह्या होऊन गेल्या, तिसरीची नाही, त्यामुळे काहीच पुढे सरकत नाही, आणि थोरले आताशा त्याबद्दल फारसे कुरकुरत नाहीत. चुन्याचं काम येणारा एक म्हातारा मिस्त्री पाहून गेला. त्यानं गूळ आणि बेलफळं आणून ठेवायला सांगितलंय, चुना आधी भिजत घालावा लागतो म्हणे. बीडच्या ताई बुधवारी येतायत. येताना वडिलांची जुनी कागदपत्रं आणि स्वतःचा चष्मा घेऊन या, असं त्यांना कळवलंय.